थायलंडच्या बालवर्गात इंग्रजी शिकवायला जाताय? नव्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात बालवाडीत चार वर्षं शिकवल्यावर मी थायलंडच्या ईशान्येला, इसान भागातल्या एका खासगी शाळेत गेले आणि तीन वर्षं तिथल्या लहानग्यांना इंग्रजी शिकवलं. परत आल्यापासून तेच तेच प्रश्न फोनवर येतात. बहुतेक मुलींचे, डी.एड., बी.एड. झालेल्या, घरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेल्या. त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. मला घेतील का?

घेतात. माझंही दहावीपर्यंत मराठीच. तिथे माध्यम विचारत नाहीत. पदवी विचारतात, आणि तुम्हाला इंग्रजी येतं याचा पुरावा मागतात. आपला पासपोर्ट भारतीय असल्यामुळे आपण त्यांच्या हिशेबात इंग्रजी मातृभाषा नसलेले. म्हणून टोइक नावाची परीक्षा द्यावी लागते. एकूण ९९० गुणांपैकी साधारण ६०० मागतात. परीक्षा ऐकण्याची आणि वाचण्याची असते. महिना-दोन महिने रोज तासभर ऐकण्याचा सराव केलात तर अवघड नाही.

मुलाखतीत मात्र बोलावं लागतं. आपल्याकडे इंग्रजी बोलताना वेग म्हणजे हुशारी असं धरून चालतात. तिथे उलट आहे. बालवर्गासाठी निवड करणारे पाहतात की ही बाई सावकाश, स्वच्छ आणि हसून बोलते का. माझ्या मुलाखतीत मला चार वर्षांच्या मुलाला हात धुवायला कसं सांगाल ते करून दाखवायला सांगितलं होतं.

कागदपत्रं कोणती लागतात?

कुठल्याही शाखेची पदवी, तिचं साक्षांकन, गुणपत्रिका, टोइकचा निकाल आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पोलीस दाखला. १२० तासांचं टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल तर अर्ज वजनदार होतो, पण तो शिक्षकाचा परवाना नव्हे. जाहिरातीत तसं भासवतात म्हणून सांगते. बी.एड. असेल तर ते नक्की जोडा, परवान्याच्या वाटेवर त्याचा उपयोग होतो.

शाळेने नेमणूकपत्र दिलं की नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढायचा. मुंबईत थायलंडचा वाणिज्य दूतावास आहे. थायलंडला पोहोचल्यावर कामाचा परवाना वेगळा, आणि शिकवण्याची परवानगी त्याहून वेगळी. ती देणाऱ्या संस्थेचं नाव खुरुसफा. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला उलगडा झाला नाही. मग एका सहकारी बाईंनी सावकाश फोडून सांगितलं आणि लख्खकन कळलं, ही तर आपली गुरुसभा! शिक्षकाला तिथे ख्रू म्हणतात, तो आपला गुरू. बालवर्गाला अनुबान म्हणतात, तो संस्कृत ‘अनुपाल’, म्हणजे सांभाळणं. नाव ठेवणाऱ्याने शिकवणं न म्हणता सांभाळणं म्हटलं, हे मला फार आवडतं.

दर ९० दिवसांनी राहण्याच्या पत्त्याची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते. तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आधी पर्यटक म्हणून जाऊन तिथे नोकरी शोधली तर?

पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर काम करणं बेकायदा आहे, एक दिवससुद्धा. ‘आधी रुजू व्हा, व्हिसाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या शाळेला नकार द्या. पकडलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते.

आणि एजंटांबद्दल नीट ऐका. २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता: थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे असं सांगून तरुणांना बोलावलं, आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं. त्या जाहिराती शिकवण्याच्या नव्हत्या, पण पद्धत तीच वापरता येते. म्हणून शाळेचं नाव, पत्ता आणि तिथे आत्ता शिकवणाऱ्या किमान एका परदेशी शिक्षकाशी व्हिडिओवर बोलणं, एवढं झाल्याशिवाय तिकीट काढू नका. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका. भारतातला एजंट असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहा.

गोऱ्या शिक्षकांना जास्त पगार मिळतो हे खरं आहे का?

खरं आहे. एकाच शाळेत, एकाच कामासाठी, ब्रिटन-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्याला जास्त आणि भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला कमी, हे मी रोज पाहिलं. मला त्याचा राग येत असे, आजही येतो. शेजारच्या वर्गातला तरुण नुकताच पदवीधर होऊन आलेला होता, त्याने लहान मुलं कधी सांभाळली नव्हती, आणि त्याचा करार माझ्याहून मोठा होता. वर्षाअखेरीस मी माझ्या वर्गाच्या कामाची वही घेऊन मुख्याध्यापिकांसमोर बसले आणि वाढ मागितली. थोडी मिळाली. मागितल्याशिवाय मिळाली नसती.

करारात हे पाहा: पगार बारा महिन्यांचा आहे की दहा, मार्च ते मे या मोठ्या सुट्टीत मिळतो का, राहायची खोली किंवा तिचं भाडं, व्हिसा आणि परवान्याचा खर्च कोणाचा, आठवड्याला किती तास.

शाळा कधी सुरू होते? दिवस कसा असतो?

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे पहिलं सत्र १६ मेपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं १ नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत. खासगी शाळा चार-आठ दिवस मागेपुढे करतात. अनुबानचे तीन वर्ग, वय साधारण तीन ते सहा, म्हणजे आपले शिशुवर्ग, लहान गट आणि मोठा गट.

सकाळी ८ वाजता ध्वजवंदन आणि राष्ट्रगीत. मग बूट-चपला दाराबाहेर रांगेत. वीस-तीस मिनिटांचे तास, अकराच्या सुमाराला जेवण, जेवणानंतर सगळ्यांचं एकत्र दात घासणं, आणि मग झोप. होय, झोप. पडदे ओढतात, चटया अंथरतात आणि तीसेक मुलं दुपारी दोनपर्यंत शांत निजतात. उठल्यावर दूध. आमच्या बालवाडीत एवढ्या मुलांना एकदम झोपवणं मी कल्पनेतही आणलं नव्हतं. या झोपेमुळे तिथली मुलं दुपारीही ताजी असतात.

पहिल्या आठवड्यात काय शिकवू?

फार थोडं. मी पहिल्या तासाला फळांची बारा चित्रं घेऊन गेले होते. अर्ध्या तासाचं नियोजन सहा मिनिटांत संपलं. मग मी मोठ्याने बोलू लागले, मुलं उठून पळू लागली, दोघं रडली. त्या रात्री खोलीत बसून मी सगळं नियोजन फाडलं आणि एका पानावर पाचच गोष्टी लिहिल्या: नमस्कार, बसा, उभे राहा, हात धुवा, बाय बाय. दुसऱ्या दिवशी तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. चौथ्या दिवशी मी नुसतं ‘स्टँड अप’ म्हटलं आणि सगळा वर्ग उभा राहिला, हाताची खूण न करता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात हीच पद्धत मांडली: आधी ऐका, अंगाने करून दाखवा, बोलणं मागून येईल. आईच्या मांडीवरचं मूलही ‘ये’, ‘घे’, ‘दे’ हे आधी करतं, नंतर म्हणतं. म्हणून चित्रांचा गठ्ठा लांब ठेवा. बादली, पेला, साबण, चटई, दप्तर, बूट हे तुमचं साहित्य. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, शंख-शिंपले, बिया घेऊन बालशिक्षण उभं केलं. तो धडा इसानमध्येही लागू पडतो.

रंग आणि वार शिकवायला तर थायलंडइतकी सोपी जागा नाही. तिथे प्रत्येक वाराला रंग आहे: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार आकाशी. आमच्या शाळेत शिक्षिका त्या त्या रंगाचे कपडे घालत. मी सकाळी दारात उभी राहून माझ्या ओढणीकडे बोट दाखवायचे, बस्स.

खेळ कोणते घ्यावेत?

त्यांचे घ्या. ‘आईचं पत्र हरवलं’ आपण खेळलोय ना? गोल करून बसायचं, एकाने मागून फिरत रुमाल टाकायचा. हुबेहूब हाच खेळ थाई मुलं ‘मॉन सॉन फा’ म्हणून खेळतात. ते कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की दुपारच्या झोपेत मी बाहेर येऊन आईला फोन केला. रुमालाऐवजी मी रंगीत कापडं घेतली. ज्याच्या मागे पडेल त्याने रंगाचं नाव ओरडून पळायचं. नियम समजावण्यात एक मिनिटही गेलं नाही, कारण नियम त्यांच्या अंगात होते. नवी भाषा आणि नवा खेळ एकाच वेळी दिला की लहान मूल गोंधळतं. दोन्हींपैकी एक ओळखीचं असू द्या.

मला थाई अजिबात येत नाही. चालेल का?

नोकरीसाठी चालेल. तरी शिका, आणि मराठी असल्याचा फायदा घ्या. थाईत कोंबडी म्हणजे ‘काई’ आणि अंडं म्हणजे ‘खाई’. इंग्रजी कानाला हा फरक पकडायला महिने लागतात. आपल्याला क आणि ख, प आणि फ, त आणि थ जन्मापासून वेगळे ऐकू येतात. त्यांची मुळाक्षरंही ‘को काई, खो खाई’ अशीच शिकवतात, आपल्या ‘क कमळाचा’ सारखी.

अवघड जातात ते सूर, पाच आहेत. ‘सुआ’ हा शब्द एका सुरात वाघ, दुसऱ्यात सदरा, तिसऱ्यात चटई. मी झोपेच्या वेळी चटई मागितली की मुलं वाघाची डरकाळी काढायची आणि मग बोट वरखाली करून मला बरोबर सूर शिकवायची. ते मला फार मोलाचं वाटलं. आपली बाईसुद्धा चुकते आणि पुन्हा म्हणून बघते, हे पाहिलेलं मूल इंग्रजीत चुकायला घाबरत नाही.

वर्गात तुमच्याबरोबर थाई शिक्षिका असते, आणि लहान गटात सांभाळणारी मावशी, तिला ‘फी लिआंग’ म्हणतात. कोणतं मूल उपाशी आलंय, कोणाच्या घरी आजी आजारी आहे, कोण कधी शू करतं, हे तिलाच ठाऊक असतं. तिला रोज सकाळी वाकून हात जोडा.

तीस थाई नावं लक्षात कशी ठेवू?

कागदावरची नावं लांबलचक आणि संस्कृत-पाळीची असतात, पण हाक मारायला प्रत्येकाचं छोटं नाव असतं: मिंट, आइस, बँक, नाम म्हणजे पाणी, फॉन म्हणजे पाऊस. पहिल्या दिवशी थाई शिक्षिकेकडून ही नावं देवनागरीत उतरवून घ्या, रोमन लिपीत नको. मी दोन दिवसांत पाठ केली. नावाने हाक मारलेलं मूल वळून बघतंच.

एक मूल तोंडच उघडत नाही. काय करू?

काही करू नका. म्हणजे, बोलायला लावू नका. परकी भाषा कानावर पडू लागली की कित्येक मुलं आठवडे, महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात. माझ्या वर्गात एक मुलगी मे ते ऑगस्ट एक अक्षर बोलली नाही. पालकांना वाटलं शिकत नाहीये, मला दोनदा चिठ्ठी आली. मी तिला रोज एक काम दिलं, पेले वाटायचं, आणि ‘टू कप्स’, ‘थ्री कप्स’ म्हणत राहिले. ती बरोबर मोजून द्यायची. सप्टेंबरमध्ये फी लिआंगने मला हळूच बोलावलं. ती मुलगी चटईवर पडून बाहुलीला माझ्याच आवाजाच्या चढउतारात सांगत होती, झोप, डोळे मीट, सगळं इंग्रजीत. मी आत गेले असते तर ती थांबली असती. दाराआडूनच ऐकलं.

मुलांना वर्गात थाई बोलू द्यायचं का?

द्यायचं. काही शाळा ‘फक्त इंग्रजी’ची पाटी लावतात आणि थाई बोलल्याबद्दल मुलांना टोकतात. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. पोट दुखतंय हे तीन वर्षांच्या मुलाने कोणत्या भाषेत सांगायचं? तुम्ही इंग्रजीतच बोला, मुलाला हवं त्या भाषेत उत्तर देऊ द्या, आणि त्याचं उत्तर इंग्रजीत परत म्हणा. ‘नाम’ म्हणून पाणी मागितलं की पेला हातात देत ‘वॉटर, हिअर यू आर’. इतकंच.

उच्चारांचं काय? त्यांचे आणि माझेही?

थाई शब्दाच्या शेवटी मोजकेच व्यंजन येतात. म्हणून ‘ॲपल’चं ‘ॲपन’ होतं, ‘फाइव्ह’चं ‘फाय’, ‘हाउस’चं ‘हाव’. र आणि ल यांची अदलाबदल होते, ‘झू’ म्हणताना ‘सू’ येतं. चूक म्हणून थांबवू नका. शब्दाचा शेवट स्वतः थोडा लांबवून म्हणा, स ला सापासारखा हात फिरवा.

आपली खोड वेगळी. मराठीत एकच व आहे, त्यामुळे ‘व्हेट’ आणि ‘वेट’ आपण सारखेच म्हणतो. थाईतही व्ही नाही, म्हणजे मुलं आणि बाई दोघंही एकाच ठिकाणी अडतात. आरशासमोर सराव करा: व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. आणि आपला टणक ट-ड जरा मऊ करा. आपलं बोलणं भारतीय वाटेल याची लाज बाळगू नका, मात्र ते स्वच्छ असू द्या.

पालक विचारतात, ए-बी-सी-डी लिहायला कधी शिकवणार?

हा दबाव कोल्हापुरात जितका, तितकाच तिथे. चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल नीट धरण्याचं बळ नसतं. कणीक मळणं, मणी ओवणं, वाळूत रेघा हे आधी. अक्षरांच्या नावांआधी त्यांचे आवाज शिकवा. जॉली फोनिक्स या आवाजांवरून वाचन शिकवण्याच्या पद्धतीत ४२ आवाज आहेत आणि सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून होते, कारण त्यांतून लगेच छोटे शब्द जुळतात. पालकसभेत मुलांकडून हे करून दाखवा, वही दाखवण्यापेक्षा ते जास्त पटतं.

कोणत्या चुका टाळू?

आपण प्रेमाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. तिथे डोकं शरीराचा सर्वांत पवित्र भाग, परक्या माणसाने हात लावू नये. पाठीवर थोपटा, किंवा टाळी द्या. पाय कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, पसरून बसू नका. राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे थांबा. राजघराण्याबद्दल काही बोलू नका आणि लिहू नका. त्याचा कायदा अतिशय कडक आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते. आणि रागावलात तरी आवाज चढवू नका. ओरडणाऱ्या माणसाबद्दलचा आदर तिथे जातो आणि परत येत नाही. मीही आमच्याकडच्या सवयीने पहिल्या महिन्यात दोनदा ओरडले. मुलं गप्प झाली, आणि थाई शिक्षिकेने आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आजारपणाचं?

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ येते. फाटकाशी रोज मुलांचे तळहात आणि तोंड तपासतात, फोड दिसले की घरी पाठवतात, कधी अख्खा वर्ग काही दिवस बंद. खेळणी रोज पुसायची. पहिल्या वर्षी तुम्हीही बऱ्याचदा आजारी पडाल. रजेचे नियम आधीच विचारून घ्या.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही, पण शब्द पाठ करा. ‘मांगसाविरात’, आपलं मांसविरती, म्हणजे शाकाहारी. अंडं त्यात चालतं. ‘जे’ म्हटलं तर अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नाही. नुसतं भाजी मागितली तर त्यात माशाचं पाणी, ‘नाम प्ला’, असतंच. मी कुकर आणि दोन किलो गोडा मसाला नेला होता.

घरची आठवण आली की काय करायचं?

पहिला श्रावण जड जातो. पण गणपती तिथे आहेत, ‘फ्रा फिकानेत’ म्हणून. थायलंडच्या ललितकला खात्याच्या चिन्हावरही तेच आहेत. आमच्या गावातल्या फुलवालीकडे गणपतीला झेंडूचे हार मिळायचे.

आणि जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ होतो, गुरुवंदन. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मुलं गुडघ्यांवर चालत आली, हातात छोटी तबकं. त्यांत तांबडी रुग्मिणीची फुलं, वांग्याची फुलं, आणि दूर्वा. खरोखरच्या दूर्वा! तुडवल्या तरी पुन्हा वाढतात म्हणून त्या चिकाटीची खूण, असं थाई शिक्षिकेने सांगितलं. मी जमिनीवर बसले होते आणि मला रडू आवरेना. एका चिमुरड्याने तबक खाली ठेवून खिशातला रुमाल मला दिला.

मुलांचे फोटो मी माझ्या इन्स्टाग्रामवर टाकू का?

नाही. शाळेने मागितले तर शाळेला द्या, आणि स्वतःच्या फोनमधले वर्षाअखेरीस काढून टाका. मुलांनी काढलेली चित्रं मागून घ्या. ती मात्र सामानात सपाट ठेवा, वळकटी केली की मेणखडूचा रंग पुढच्या कागदाला लागतो.